अप्पांचं धुतलेलं रक्त

९ नोव्हेंबर २००९, गुलबर्गा
पुण्याहून सुटी टाकून निघाले ती थेट दवाखान्यात. अप्पांच्या हृदयाची झडप बदलायची आहे आणि हा माझा बाप सहीच करेना. कारण काय, तर दुसऱ्याचं रक्त नको. "कोन काय खाल्लेला आस्तोय कुनाला ठावं? मटन खाल्लेल्याचं रगत अंगात घिऊन म्या पूजेला कसा बसू?" गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बोलत होते. अव्वा माझ्याकडे बघते, मी भिंतीकडे. गावी हुलसुरात एवढी वर्षं दुकान चालवलं, गिऱ्हाइकाला कधी जात विचारली नाही. आणि आता हे. डोकं फिरलं माझं. भीतीही तेवढीच.

१० नोव्हें.
डॉ.नी तोड काढली. एक मशीन आहे. ऑपरेशनमध्ये सांडणारं रक्त ओढून घेतं, गरागरा फिरवतं, मिठाच्या पाण्यानं धुतं आणि तांबड्या पेशी त्याच माणसाला परत. अप्पांचा चेहरा खुलला. "म्हंजी माझंच मला. आनि तेबी धुऊन!" लगेच सही. वर माझ्याकडून वचन, बाहेरचं थेंबभर घेऊ देणार नाही म्हणून. दिलं. काय करणार?
मग डॉ.ना व्हरांड्यात गाठलं. एवढ्यानं भागेल का? म्हणाले, ओढताना काही पेशी फुटतात, तगतात त्या चांगलं काम करतात. पण परत येतात फक्त पेशी, रक्त गोठवणारा भाग धुण्यातच जातो. खूप सांडलं, खूप धुवावं लागलं, तर रक्त थांबता थांबत नाही. दुसऱ्याच्या ताज्या रक्ताची एक पिशवी तयार ठेवा.
अप्पांना बोलले नाही. गट बी निगेटिव्ह, इथल्या रक्तपेढीत शिल्लक नाही. जेवण गेलं नाही.

११ नोव्हें.
गावाहून जीप भरून माणसं आली. आमचे सगळे सोवळे भाऊबंद हात पुढे करून उभे, एकाचंही जुळेना. जुळलं ते बिरप्पाचं! शेजारच्या रानातला धनगर, अप्पांचा लहानपणापासूनचा सोबती. आमच्याकडे रोज येतो, अंगणातच बसतो. त्याचा कप कोनाड्यात वेगळा.
"घ्या की ओ, कामून इचार करायलाव? पर परवा पावन्याकडं बोकड खाल्लोय. ते चालतंय का इचारा सिस्टरला."
सिस्टर हसली, चालतं म्हणाली. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

१२ नोव्हें.
ऑपरेशन. लिंग कापडात गुंडाळून अप्पांच्या मनगटाला बांधू दिलं, तेवढं बरं. दुपारी बाहेर आणलं. मशीननं धुतलेलं सगळं परत दिलंय म्हणे. पण लघवीची पिशवी बिनदुधाच्या चहासारखी! डॉ. म्हणाले, फुटलेल्या पेशींचा रंग आहे. मशीन बरंचसं धुऊन टाकतं, पण हृदय थांबवलेलं असताना रक्त दुसऱ्या यंत्रातून फिरतं, तिथंही पेशी फुटतात. उतरेल. छातीच्या नळीतून मात्र रक्त थांबेना. पिशवी लावायची, सही करा.
अव्वा म्हणाली, "तूच कर माय. त्येंनी मला इचारलं की माझ्या तोंडातून निघंल."
केली. काचेतून बघत होते. बिरप्पाची पिशवी सरळ लावली, थेंब थेंब. वचन जेमतेम दोन दिवस टिकलं. पण मरू द्यायचं होतं का?

१३ नोव्हें.
नळी थांबत आली. लघवी फिकट. अप्पांनी डोळे उघडले, आधी मनगट चाचपलं. जिवात जीव आला, आणि लगेच दुसरी धाकधूक.
बिरप्पा खाली पायरीवर बसला होता. अप्पांना सांगू नका म्हटलं. म्हणाला, "म्या आपून होऊन न्हाई सांगनार. पर त्येनं इचारलं तर खोटं न्हाई बोलनार. आजवर त्येला खोटं बोललो न्हाई."
आणखी एक हरिश्चंद्र. वैताग नुसता.

२४ नोव्हें., हुलसूर
काल घरी आणलं. आज सकाळी अप्पा आंघोळ करून पूजेला बसले, लिंग तळहातावर घेतलं आणि थांबले. "शांते, माझ्या अंगात समदं माझंच हाय नव्हं?"
आधी गोळ्या घ्या, म्हटलं. लिंग परत गळ्यात. पूजा नाही, आणि पूजेशिवाय अन्न नाही. अव्वानं भाकरी झाकून ठेवली. दुपार झाली तरी तसेच भिंतीला टेकून. चेहरा पार उतरलेला. मला राग यायचाही थांबला. शेवटी म्हणाले,
"ती मशीन दुसऱ्याचं रगतबी धुतीया का गं?"
"धुता येतं," मी म्हणाले. खरंच येतं, डॉ.नीच सांगितलं होतं. बिरप्पाचं धुतलं नव्हतं, एवढं बोलले नाही.
अप्पांनी लिंग पुन्हा तळहातावर घेतलं. मग पूजेचं पाणी मागितलं. पूजा झाली, अर्धी भाकरी खाल्ली. हात धुताना म्हणाले, "बिऱ्याला सांगा, उद्या जेवायला ये म्हनावं. आत. माझ्या शेजारी."
बिरप्पाचं नाव मी घेतलं नव्हतं. अव्वाकडे बघितलं, तिनं मान हलवली, तिनंही नाही.
अव्वा उद्याच्या पुरणाची डाळ निवडतेय. बिरप्पाला निरोप गेलाय. अप्पांनी विचारलं तर तो सांगणार, बोकडासकट.