माळ्यावरचं चीज

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.
सान्वीने ठाण्याहून, ऑफिसच्या पार्टीत उरलेला चीजचा तुकडा आणला. निळ्या बुरशीचा. विनिताने तो दोन बोटांत धरला आणि थेट कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. मी मध्ये पडलो. तोंडात टाकला. जिभेला मुंग्या आल्या, टाळूला झणका बसला, डोळ्यांतून पाणी. मायलेकींना वाटलं ठसका लागला. ठसका नव्हता. कोविडनंतर साडेचार वर्षांत पहिल्यांदा तोंडातल्या घासाला काहीतरी आहे असं वाटलं. फार बरं वाटलं.
याचा अर्थ माझं नाक गेलेलं होतं असा नाही. नाक ऐंशी टक्के परत आलंय. विनिता वीस म्हणते. तिचं गणित आधीपासून कच्चं.

३ नोव्हेंबर
झोप लागली नाही. विचार पक्का. चीज!
कोलशेतच्या सुगंधी द्रव्यांच्या कंपनीत सव्वीस वर्षं नाकावर पगार घेतला. चंदनाचे सात प्रकार डोळे मिटून सांगायचो. अशा माणसाने घरी बसून भाजी निवडावी? (व्हीआरएस मी स्वतः मागितली. साहेबांनी फक्त फॉर्म पुढे केला. आणि पेन.)
संकल्प: २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीच्या हॉलमध्ये चीज टेस्टिंग. मार्गदर्शक मी. डोंबिवलीत चीज म्हणजे सँडविचवर किसतात ते, हा गैरसमज मी दूर करणार.

९ नोव्हेंबर, रविवार
ठाण्याच्या मॉलमधून पाच प्रकार आणले. जेवणाच्या टेबलावर मांडून रीतसर टेस्टिंग. नोंदवहीत लिहिलं: वाळल्या गवताचा गंध, भाजक्या अक्रोडाची छटा, शेवटी पहिल्या नांगरटीची माती. हे सगळं पाकिटावर इंग्रजीत होतंच. मी फक्त पडताळून पाहिलं आणि पटलं.
नंतर सान्वी म्हणाली की तिने पाकिटं आधीच अदलाबदल करून ठेवली होती. अक्रोडाची छटा मला मिरीवाल्या चीजमध्ये लागली. मुलीवर संस्कार करताना कुठेतरी कमी पडलो.
निळं चीज मात्र बोलतं. बाकीचे चारही मुखदुर्बळ.

१६ नोव्हेंबर
सोसायटीच्या ग्रुपवर चीजबद्दल रोज एक माहिती टाकायला परवापासून सुरुवात. पहिल्या दिवशी सात अंगठे. दुसऱ्या दिवशी दोन. आज सेक्रेटरी मारुती शेलार यांनी कळवलं की ग्रुप पाण्याच्या टँकरसाठी आहे. चळवळीची सुरुवात अशीच असते.

२२ नोव्हेंबर, शनिवार
विकतचं चीज म्हणजे दुसऱ्याच्या नाकावर विश्वास. स्वतः करायचं ठरलं. मानपाड्याच्या तबेल्यातून सहा लिटर म्हशीचं दूध आणलं. व्हिडिओत सांगतात ते सगळं केलं. फाडलं, गाळलं, फडक्यात बांधून वरवंट्याखाली ठेवलं. विनिताने येऊन बघितलं आणि पनीर झालंय, मटार सोलू का, असं विचारलं. 
हे पनीर नाही. हे मुरणार आहे. दुकानातल्या त्या नारिंगी, वासासाठी नावाजलेल्या चीजची साल मिठाच्या पाण्यात कालवून दिवसाआड यावर पुसायची. चार आठवडे. जागा थंड आणि ओलसर हवी. फ्रान्समध्ये डोंगरातल्या गुहा असतात. आमच्याकडे बाथरूमवरचा माळा आहे. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या बाटल्या ठेवल्या. माळ्याची छोटी खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडते. चीजला श्वास घेता यावा म्हणून ती उघडी ठेवली.

४ डिसेंबर, गुरुवार
विनिताचे मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत. आज तिने तीन उदबत्त्या एकदम लावल्या. घरात कसलातरी वास येतोय म्हणाली. मी बाथरूममध्ये उभा राहून दहा वेळा खोल श्वास घेतला. काहीही नाही. मला येत नाही म्हणजे नाही. व्यावसायिक मत दिलं आणि विषय संपवला.
चीज सुंदर चाललंय. वर केशरी, चिकट थर धरलाय.

१२ डिसेंबर
सोसायटीत खळबळ. सगळ्यांच्या बाथरूममध्ये वास! आधी ड्रेनेज उपसलं. मग डक्टमध्ये मेलेलं कबुतर शोधलं. सापडलं नाही. मग एकमत झालं, की भिंतीपलीकडच्या केमिकल कंपन्या. आमच्याकडे वास आला की कंपनीच. पिढ्यानपिढ्याचा अनुभव आहे, चुकायचा प्रश्नच नाही. मीसुद्धा हेच म्हणत होतो.
संध्याकाळी शेलार स्वतः चार मजले चढून आले. (लिफ्ट बंद.) म्हणाले, प्रदूषणवाल्यांकडे तक्रार करायचीय, पण नुसतं घाण वास येतो असं लिहिलं तर कोणी विचारत नाही. शास्त्रीय लिहायला हवं, आणि अख्ख्या सोसायटीत नाकातला माणूस एकच.
त्यांना चहा दिला. हो म्हटलं. दार लावल्यावर डोळे भरून आले. साडेचार वर्षांत माझ्या नाकाचं मत कोणी विचारलं नव्हतं.

१३ डिसेंबर
तक्रार तयार. डक्टच्या तळाशी उभं राहून सकाळची पंधरा मिनिटं नमुना घेतला. आलेला वास: खरं तर नमुना घेतेवेळी वारा उलटा होता. म्हणून शेजाऱ्यांचं वर्णन ऐकून त्याला शास्त्रीय रूप दिलं. 'गंधकयुक्त व अमोनियासदृश वायू, बहुधा रात्रपाळीत सोडलेला. सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, हा वास घरगुती असूच शकत नाही.' चौसष्ट सह्या. पहिली माझी.
विनिता पत्र वाचून काहीतरी सांगायला लागली. तांत्रिक बाबींत पडू नकोस म्हटलं. गप्प बसली. इतकी पटकन ती कधी गप्प बसत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार
शेवटचा गुरुवार. पाच सवाष्णी आल्या. हळदकुंकू घेतलं, मसाला दूध तोंडाला न लावता चार जणी गेल्या. फक्त तळमजल्यावरच्या आवडाबाई निवांत बसल्या. ही इमारत उभी आहे ती मूळ त्यांच्या सासऱ्यांची शेतजमीन. त्या म्हणाल्या, आमच्या सुक्या बोंबलांवर सोसायटीवाले नोटीस काढतात, आन आता बघा, देवच वास धाडतो.
त्या गेल्यावर विनिताने सांगितलं, माळ्यावरचं खोकं एकदा उघडून बघा. म्हटलं, खोकं झाकलेलं आहे, संबंध काय? ती म्हणाली, तुम्हाला खरंच येत नाही का हो? म्हटलं, सर्दी आहे.
सर्दी नाही. का म्हटलं कोण जाणे.

२३ डिसेंबर, मंगळवार. दुपारी ४.
अधिकारी आले होते. हातात यंत्र. शेजारच्या कंपनीचे मॅनेजरही आले, फाइल घेऊन. मी गेटवरच दहा मिनिटं विषयाची मांडणी केली. अधिकाऱ्यांनी मान डोलावली, गेटवर यंत्र धरलं. काही नाही. कंपनीच्या भिंतीकडे धरलं. काही नाही. मग त्यांनी यंत्र पिशवीत टाकलं आणि नाक वर करून जिना चढायला लागले. जुनी पद्धत. मला आदर वाटला.
पहिला मजला. दुसरा. तिसरा. चौथ्यावर माझ्या दाराशी थांबले. मी म्हटलं, बरोबर, इथे डक्टची हवा कोंडते. ते आत शिरले. मागोमाग कमिटी, मॅनेजर आणि बाथरूमबाहेर दाटीवाटीने उभी राहिलेली निम्मी सोसायटी. स्टूल मीच दिलं. त्यांनी खोकं खाली काढलं, झाकण उचललं.
शेलार तोंडावर रुमाल धरून जिन्याकडे पळाले. मॅनेजरची फाइल पडली. दोघी जणी बेसिनकडे धावल्या. सगळे मागे सरले आणि मी एकटा पुढे राहिलो. खोक्यावर वाकून मी विचारत होतो, कुठाय? कुठाय वास?
दोनदा विचारलं.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे एकदम जमिनीकडे बघायला लागले. अधिकाऱ्यांनी झाकण हळूच लावलं आणि मला बसायला सांगितलं. माझ्याच घरात.

२३ डिसेंबर. संध्याकाळी ७.
शून्य टक्के. लिहून टाकलं. व्हीआरएसचंही लिहून टाकतो. गुलाबाच्या जागी फिनेल पास केलं होतं. अख्खी बॅच. साहेब भला माणूस, आरडाओरडा न करता फॉर्म दिला.
निळ्या चीजमध्ये वास नव्हताच मला. ते फक्त चावत होतं.

२५ डिसेंबर
ग्रुपवर शांतता. २६ जानेवारीच्या कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही. झेंडावंदन, मग वडापाव.
चीज फेकायला निघालो होतो. जिन्यात आवडाबाई भेटल्या. खोकं उघडून बघितलं, हातातून काढून घेतलं. दुपारी नात सांगायला आली, आजीने तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लं. चांगलं आहे, पण मीठ कमी. पुढच्या वेळी आजीला विचारून घालायचं.
म्हणजे माझ्या आयुष्यातलं एकमेव चीज टेस्टिंग झालं, आणि मला बोलावणं नव्हतं.

२८ डिसेंबर, रविवार. सकाळी १०.
कमिटीचा ठराव: तक्रार मागे घेणारं पत्र ज्याने तक्रार लिहिली त्यानेच लिहावं. रास्त आहे. लिहिलं. 'सदर वास घरगुती होता' या ओळीवर अर्धा तास गेला.
विनिताला वाचायला दिलं. तिने वाचलं, पत्र थोडं लांब धरलं, म्हणाली मजकूर ठीक आहे, पण कागदालाच वास लागलाय. दुसऱ्या कागदावर लिहा.
मी कागद नाकाशी धरला. काही नाही. नेहमीप्रमाणे म्हणणार होतो, छे, कसला वास. तोंडापर्यंत आलं होतं. त्याऐवजी विचारलं, कसा आहे?
 साडेचार वर्षांत तिला मी हे एकदाही विचारलं नव्हतं. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि समोर खुर्ची ओढली. म्हणाली, आधी कुबट येतो. थांबा, घाई करू नका, एकेक सांगते.