घुशींसाठी तीन आवाज

१७ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! हरसूलच्या पुढे डोंगराच्या पोटाशी माझी बदलीची शाळा, आवारातच दोन खोल्या राहायला आणि मागे थेट रान. सिडकोतल्या खुराड्यातून सुटले. नवऱ्याने, हर्षलने, सामान उतरवलं आणि चहाही न घेता ओझरला पळाला, फॅक्टरीत शिफ्ट होती. दर रविवारी येईन म्हणतोय. बघू! आमची आरोही दुसरीत. तिचं नाव वस्तीवरच्या सकाळच्या शाळेत घातलं, दुपारी ती माझ्यापाशीच. ती खूश, कारण खिचडी शिजवणाऱ्या भागीबाईंकडे कोंबड्या आहेत. भागीबाईंनी आल्याआल्या नागलीची भाकरी हातावर ठेवली आणि मॅडम लय वाळल्यात असं तोंडावर सांगितलं. मला बाई आवडली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मुख्याध्यापक सावळीराम सरांनी विज्ञान प्रदर्शन माझ्या गळ्यात मारलं. नव्या माणसाला हेच मिळतं, चालायचंच. विषय मात्र पोरांनी झकास काढला. कोठीत खिचडीच्या तांदळाची पोती घुशी फोडतात, औषधाला तोंड लावत नाहीत, पिंजऱ्यातल्या भज्याला हुंगतही नाहीत. आठवीतली संध्या म्हणाली, मग त्यांना आवाज देऊन बोलवू. डोकेबाज पोरगी! फाटक्या पोत्यात घुशीची पिल्लं सापडली होती, त्यांचं चिरचिरणं तिने माझ्या मोबाइलमध्ये घेतलं. दुसरा आवाज सुपात तांदूळ घोळवल्याचा. तिसरा तुलनेसाठी, ज्याच्याशी घुशींचं काही देणंघेणं नाही असा. आरोही मधे मधे लुडबुडत होतीच. तिला म्हटलं, बोल काहीतरी. तिने बेंबीच्या देठापासून, आई, ये ना गं, अशी हाक ठोकली. तीच ठेवली.

स्पीकर पिंजऱ्यात, पिंजरा कोठीमागे रानाच्या तोंडाशी. एक आवाज, मग थोडी शांतता, मग दुसरा, मग तिसरा. मधल्या सुट्टीत रोज लावायचं ठरलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जमलं! तांदळाच्या आवाजाला एखादीच घूस येते, पिल्लांच्या आवाजाला मात्र धावत येतात. पण उलटून पाहिलं तर सगळ्या दूध पाजणाऱ्या. मला फार वाईट वाटलं, पोरांना दाखवलं नाही.

आरोहीच्या हाकेला एकही घूस येत नाही, म्हणजे तुलना बरोबर. येते ती मीच! स्पीकर ओरडला की हातातलं टाकून "आले गं बाळा" म्हणते. रोज. पोरं पोट धरून हसतात. तोंडातून निघूनच जातं, काय करू?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

घुशी बंद झाल्या. कोठीत एक लेंडी नाही. सर खूश, मी नाही. पिंजऱ्यासमोरचं गवत मोठ्या गोल आकारात दबलंय, स्पीकरकडे तोंड करून कुणीतरी रोज बसत असावं तसं. आठवीतला हिरामण बिबट्या म्हणाला. भागीबाई म्हणाल्या, इतक्या पोरांच्या गलक्यात बिबट्या बसत नाय, पोरीचा आवाज बंद करा. का, ते त्यांनाही सांगता येईना. कोंबड्या मात्र त्यांनी घरात घेतल्या.

स्पीकर कपाटात टाकला. किल्ली माझ्या पर्समध्ये.

१ डिसेंबर, सोमवार

अक्षर वाईट आहे.

मधल्या सुट्टीत मागच्या चढावरून पिल्लांचं चिरचिरणं आलं. मोठ्याने. पोरं हसली, मला वाटलं कुणाचा तरी चावटपणा. मग शांतता. मग तांदूळ घोळवल्याचा आवाज. भागीबाई पळी टाकून कोठी बघायला धावल्या. पुन्हा शांतता.

मग आरोहीची हाक.

आरोही माझ्यासमोर बसून खिचडी खात होती. घास तिच्या हातात होता. आणि मी, तिला डोळ्यांनी बघत असताना, उठून उभी राहिले आणि ओ दिली. आले गं बाळा. दिली की हो!

कपाट उघडलं. स्पीकर जागेवर होता.

२ डिसेंबर, मंगळवार

डोळ्याला डोळा नाही. तेच आवाज, तोच क्रम, मधे तेवढीच शांतता. कोणत्या आवाजाला कोण उठतं हे बघत होतं ते. आम्ही घुशींचं केलं तेच आमचं केलं. सर म्हणाले, दरीत आवाज घुमतो, प्रदर्शन होईपर्यंत रजा नाही.

हर्षलला बोलावलं. माझा आवाज ऐकून तसाच निघून आला आणि संध्याकाळी आरोहीला घेऊन गेला. ती रडली, मी रडले नाही. आता इथे आलेली तिची प्रत्येक हाक खोटी. आज दोन घास नीट गेले.

५ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी हाक येतेच. ओढणी दातात धरून बसते. ओ देत नाही.

आज ती हाक नव्हती. बाईचा आवाज होता. आले गं बाळा, आले गं बाळा— माझाच. चढावरून, नंतर लांब, ओझरकडच्या घाटाच्या बाजूला—

कुणाला बोलावतंय? आरोही तर इथे नाही.

फोनला रेंज नाही. तिला इकडे आणू नको असा मेसेज हर्षलला टाकला. जात नाही.

७ डिसेंबर, रविवार

मेसेज पोचलाच नाही. आरोहीने ‘आई हवी’ म्हणून घर डोक्यावर घेतलं, म्हणून हर्षल निघाला तिला घेऊन. आत्ता फोन आला. घाटात गाडी गरम झाली, पाणी घालायला थांबला. आरोही म्हणाली, आई आली, आई बोलावते— आणि झाडीत पळाली. तो शोधतोय. मी ओरडले, माणसं घे, एकटा— फोन तुटला. भागीबाई वस्तीवर माणसं आणायला गेल्या.

हाक आली. कोठीमागून. नेहमीची नाही. आई, माझी चप्पल तुटली, म्हणतेय. हे आम्ही घेतलं नव्हतं. हे तिने कधीच— म्हणजे ती खरी आहे. किंवा आता ती त्याच्या तावडीत आहे आणि ते नवे शब्द शिकतंय—

घुशींनाही शंका आली असेल. तरी गेल्याच ना.

मी जाते. वही दारात ठेवते. हर्षल, तू इथे पोचशील. रानातून माझा आवाज येईल, तुझं नाव घेईल, रडेल. ओ देऊ नकोस. पाऊल टाकू नकोस. पण आरोहीला घेऊन खरंच मी आले तर दार लावू नकोस रे. ओळखायची खूण सांगते. मी आधी—