मागच्या डाव्या कोपऱ्याची हवा

रायपूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मंजू,

सप्रेम जय भीम. तू, गौतमराव, साक्षी आणि तुझ्या सासूबाई बरे असाल असं धरून चालतो. आम्ही सगळे मजेत आहोत असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं तुला दिसेलच.

दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट तसंच ठेवून देशील, ही भीती आहे. पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी हे मला बोलता येणार नाही.

आधी गाडीचं सांगतो. रिटायर झाल्यावर मी एक जुनी गाडी घेतली हे तुझ्या कानावर आलं असेल. १९८६ ची, मिनीबसएवढी. एका खाण कंपनीचे भूगर्भवाले बस्तरच्या जंगलात महिना महिना तिच्यातच राहायचे. आत पलंग आहे, ओटा आहे, बेसिन आहे. भंगारात जाणार होती. मला वाटलं, आईला सिरपूरचे विहार पाहायचे आहेत, पाय गेल्यापासून कारमध्ये तिला बसवता येत नाही, तर हिच्यात झोपवून नेऊ.

अडचण एकच. जमीन जिकडे उतरती तिकडे पलंग कलायचा, आई सरकायची आणि तिला भोवळ यायची. तेहतीस वर्षं मी रेल्वेत ब्रेकची हवा सांभाळली, तेव्हा हवेनंच हे सोडवायचं ठरवलं. नव्या डब्यांखाली असतात तसे रबरी हवेचे फुगे चारही चाकांवर बसवले. प्रत्येक फुग्याला दोन व्हॉल्व्ह, एक हवा भरणारा, एक सोडणारा. मधे एक छोटा बोर्ड, त्यावर गाडी कुठे कलली ते ओळखणारा सेन्सर. जो कोपरा दबला तिथे हवा भरायची, जो उचलला तिथली सोडायची. असलं यंत्र विकत मिळतं, पण एवढ्या जुन्या गाडीला बसेना, म्हणून घरीच केलं. प्रोग्राम यशदीपनं बंगळुरूहून फोनवर शिकवला. चार महिने लागले. पलंगावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला तरी पाणी सांडू नये, इतकं नाजूक केलं. मला त्याचा अभिमान होता, मंजू.

डिसेंबरपासून, सवय व्हावी म्हणून, आईला दिवसा अंगणातल्या गाडीतच ठेवू लागलो. सकाळी मी आणि तुझी वहिनी माया तिला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून नेत होतो आणि संध्याकाळी परत आणत होतो. मग माया नवा रायपूरला ऑफिसात, मी सामानाच्या मागे गोल बाजारात नाहीतर पंडरीत. एक वाजता शेजारची रुचिता येऊन आईला जेवू घालायची.

जानेवारीत मला वाटलं की कुठेतरी हवा गळते आहे. बोर्ड प्रत्येक व्हॉल्व्हची वेळ लिहून ठेवतो. त्यात रोज सव्वाअकराच्या सुमाराला मागच्या डाव्या फुग्यातून हवा सुटलेली, पुढच्या उजव्यात भरलेली. मी साबणाचं पाणी लावून सगळे जोड तपासले. पाइप बदलला. व्हॉल्व्ह बदलला. सेन्सरसुद्धा नवा आणला. यशदीपला म्हटलं, हा सेन्सर खराब आहे. तो म्हणाला, "पापा, सेन्सर झूठ नहीं बोलता. आप टाइमिंग फिर से देखो."

पाहिलं. गळती असती तर हवा गेली ती गेली असती. इथे चाळीस मिनिटांनी सगळं उलट होऊन जसंच्या तसं जागेवर येत होतं. म्हणजे कुठलं तरी वजन मागच्या डाव्या कोपऱ्यातून उठून पुढे उजवीकडे जात होतं, आणि परत येत होतं.

मागच्या डाव्या कोपऱ्यात पलंग आहे. पुढे उजवीकडे ओटा.

मी हे कुणाला सांगितलं नाही. रविवारी आई घरात असताना तांदळाची पंचवीस-पंचवीस किलोची दोन पोती गाडीत नेली, पलंगावर ठेवली आणि एकेक करून ओट्यापाशी हलवली. नोंद जवळजवळ तीच आली. आईचं वजन सत्तेचाळीस किलो आहे. मी त्या पोत्यावर बसून राहिलो. 

शुक्रवारी, ३१ तारखेला, पंडरीला जातो म्हणून निघालो. स्कूटर आमच्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, कोपऱ्यावर लावली आणि पायी परत आलो. गाडीच्या मागच्या चाकापाशी उभा राहिलो. आत काही आवाज नाही. आणि मग माझ्या गुडघ्याजवळ तो व्हॉल्व्ह फुस्स झाला. मीच बसवलेला. सुटलेली हवा पायाला लागली, आणि मला ओरडावंसं वाटलं.

दार उघडलं. आई ओट्याशी उभी होती. काहीही न धरता. एका हातात गाळणी, दुसऱ्या हातात चहाचं भांडं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"दार लाव. गॅस विझून राहिला."

मी दार लावलं. दुसरं काय करणार होतो?

"कवापासून, आई?"

"पहिले पाच-सहा महिने खरंच नव्हतं चालता येत. मग याले लागलं थोडं थोडं. तुम्ही नसले का भिंत धरून चालत जाओ."

"मंग सांगितलं काहून नाही?"

ती चहा गाळत राहिली. नंतर म्हणाली, "सांगणारच होती. त्याच दिवशी तू मायाले म्हणला, उभी राहिली का नागपूरले पाठवून देऊ, आता मंजूची पाळी. मी जागीच होती." आणि मग, आवाज न चढवता, "अकरा वर्षं झाले देवीदास. सहा महिने तिकडं, सहा महिने इकडं. कोणाच्या घरी कोणता डबा कुठं असते हे ध्यानात येवस्तोवर जाची वेळ होये. पाय गेले तवा कुठं एका जागी राह्यली मी."

"आणि मंजूवर आळ आला तो?"

 चहा एकाच कपाचा होता. तो तिनं माझ्यासमोर सरकवला आणि भिंतीचा आधारही न घेता पलंगावर जाऊन आडवी झाली. मागचा व्हॉल्व्ह परत वाजला. मी तो कप तसाच ठेवून बाहेर आलो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहितो. वर सगळं आईचं लिहिलं, स्वतःचं टाळलं.

दोन वर्षांपूर्वी आई पडली त्या वेळी पाळी माझी होती, मंजू. १ जानेवारीला मी आईला घ्यायला येणार होतो. तुझी रजा संपत होती हे तू मला दोनदा सांगितलं होतंस. मी आधी घराचं रंगकाम काढलं आहे म्हणालो, मग माया आजारी आहे म्हणालो. रंगकाम काढलं नव्हतं आणि माया धडधाकट होती. मला आणखी एक महिना मोकळा हवा होता, एवढंच. १९ तारखेला तू ड्यूटीवर असताना आई बाथरूममध्ये पडली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, गौतमराव आणि तुझ्या सासूबाईंसमोर मी तुला म्हणालो, "तुझ्या भरोशावर ठेवली आणि तू आईचे पाय घालवले." मी ओरडत होतो तेव्हा मला तारीख ठाऊक होती. तू म्हणशील म्हणून वाट पाहत होतो की, दादा, तू कुठे होतास? तू म्हणाली नाहीस. नुसती पर्स उचलून निघून गेलीस.

आणखी एक. हे होऊन नऊ दिवस झाले आणि मायाला मी सांगितलेलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ मी आणि ती, चालता येणाऱ्या बाईला खुर्चीत घालून उचलतो. माया कमरेला पट्टा बांधून उचलते. आई माझ्याकडे पाहत नाही, मी तिच्याकडे पाहत नाही. आईनं दीड वर्ष केलं ते मीही नऊ दिवसांत शिकलो.

काय करू ते कळत नाही. तुला विचारायचा हक्क नाही, तरी विचारतो.

तुझा दादा,
देवीदास


रायपूर
रविवार, २ मार्च २०२५

मंजू,

जय भीम. तुझं पत्र मिळालं. मायना नाही, खाली सही नाही, एकच ओळ: 'तिला कुठं राहायचं आहे हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलं का?' मी ती ओळ स्कूटरवर बसून, पोस्टमन गेल्यावर, किती वेळा वाचली कोण जाणे. आपल्यापैकी, असं लिहिलंस. सगळं माझ्यावर टाकायची संधी होती.

त्याच संध्याकाळी माया ऑफिसातून आली तसं तिला सगळं सांगितलं. तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत. सरळ गाडीत गेली आणि आईला म्हणाली, "उठा." आई उठली. उभी राहिली. माया तिच्या पायांकडे पाहत राहिली, रडली नाही, भांडली नाही. कमरेचा पट्टा सोडला, आईच्या पलंगावर ठेवला, आणि मला म्हणाली, "तुम्हाला इतक्या दिवसांपासून माहीत होतं?" आईपेक्षा तिला माझं जास्त लागलं होतं. बॅग भरून ती दुर्गला बहिणीकडे, नीलिमाकडे निघून गेली. पाचव्या दिवशी आली. माझ्याशी कामापुरतं बोलते. आईशी अजून नाही, पण परवा तिनं आईच्या पायांना लावायला तेल कोमट करून गाडीच्या खिडकीत ठेवलेलं मी पाहिलं.

माया नव्हती त्या दिवसांत आई रात्रीही गाडीतच झोपत होती. तेव्हा मी तिला कुठं राहायचं ते विचारलं. विचारताना मला वाटलं होतं, ती लगेच म्हणेल, तुझ्यापाशीच राहीन. तेवढी खात्री होती मला माझी. ती म्हणाली, "दोन दिवस दे. मले असं कोणी विचारलं नाही, तर एकदम कसं सांगू?"

तिसऱ्या दिवशी सकाळी, भर उजेडात, ती गाडीच्या पायऱ्या उतरून अंगणातून चालत व्हरांड्यात आली. रुचिता कपडे वाळत घालत होती, तिच्या हातातली बादली पडली. "अगं बाई, काकी!" म्हणून ती किंचाळली, आणि सगळा पारा गोळा झाला. आई माझ्यासमोर खुर्चीवर बसली, दम खाल्ला, आणि म्हणाली,

"मी त्या गाडीतच राहीन. माह्या हातानं करून खाईन. पण ते गाडी हलाले नाही पाहिजे. आन् दाराले आतून कडी लावून दे."

"आतून? रात्री-बेरात्री काही झालं तं?"

"झालं तं झालं. कडी पाहिजे."

लावली. मग जॅकवर गाडी उचलून विटांचे चार खांब बांधले, पाणसळ लावून एकेक थर नीट केला, आणि चारही फुग्यांची हवा सोडून दिली. चार महिन्यांचं काम तीन मिनिटांत बसलं. आई दारात उभी राहून ऐकत होती. हवा संपली तेव्हा तिनं पायानं गाडीची जमीन दाबून पाहिली, आत गेली आणि कडी लावली. तो आवाज मला बाहेर ऐकू आला. अकरा वर्षांत ती आपल्या दोघांच्या घरी एकदाही दार लावून बसली नव्हती. लावायला दार नव्हतंच.

तुझ्यासाठी तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, मी मधे काही घातलं नाही: "मंजे, तू नव्हतं पाडलं मले. फरशी ओली होती आन् मी घाई केली. हे मी तवाच सांगाले पाहिजे होतं. तू रागानं नाही आली तरी चालते."

सोबत दुसरं पाकीट आहे. त्यावर गौतमराव आणि तुझ्या सासूबाईंचं नाव आहे. त्या दिवशी पाळी कुणाची होती, मी कोणती दोन कारणं सांगितली, ती कशी खोटी होती, सगळं तारखेसकट लिहिलं आहे. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच परत घ्यायला हवं. पाकीट चिकटवलेलं नाही. आधी तू वाच. त्यांना द्यायचं की फाडायचं, ते तुझ्या हातात.

मागच्या पत्राखाली मी दादा लिहिलं होतं, न विचारता. आज नुसतं नाव लिहितो.

देवीदास