घोट्यातली ओल

तीर्थस्वरूप काकांना, आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या काकूला, इथूनच खाली वाकून नमस्कार. (माझे दोन्ही घोटे धड असल्यामुळे वाकायला मला जड जात नाही. असं का म्हणतो ते पुढे कळेल.) तुमची तब्येत कशी आहे ते विचारत नाही, कारण तुम्ही "उत्तम" म्हणणार आणि काकू मागून हात हलवणार. मी मजेत आहे. "ही भिंगरी कुठल्याच नोकरीत टिकायची नाही," असं तुम्ही मी निघताना म्हणाला होतात, तर कळवायला आनंद होतो की टिकली. गॅरेज सुटलं, बेकरी सुटली, लिफ्टवरची नोकरी तर दोन मजल्यांच्या मधेच सुटली, पण हॉस्पिटलच्या एक्स-रे फोटोच्या विभागात पेशंट ढकलायचं काम मला मानवलंय. दिवसभर फिरती, आणि समोरचा माणूस आडवा, त्यामुळे उलट बोलत नाही.

तर काका, तुमच्या उजव्या घोट्याचा फोटो पोचला. सोबत तुमची चिठ्ठीही, "फोटोवाला म्हणाला हाडांमधली फट चांगली दिसतेय, काही विशेष नाही, तरी कुणाला तरी दाखव म्हणजे तुझ्या काकूचं तोंड बंद होईल." दाखवायचं कुणाला? इथे इतकी हाडं माझ्या नजरेखालून गेलीत की मला कुणाची गरज पडत नाही. सगळे जेवायला गेल्यावर मी फोटो दिव्याच्या काचेवर लावला, दोन पावलं मागे सरलो, डोळे बारीक केले आणि निदान केलं. हाडं भक्कम, जागा ऐसपैस, गडी म्हातारपणापर्यंत शिडी चढेल. तेवढ्यात श्वासबाई आल्या. (या फोटो काढणाऱ्या मोठ्या बाई. "श्वास घ्या, रोखा, सोडा" हे दिवसभर म्हणून म्हणून त्यांना त्याची इतकी सवय झालीय, की पायाचा फोटो असला तरी श्वास रोखायला लावतात. परवा लिफ्टमध्ये म्हणाल्या आणि आत होतो तेवढ्या सगळ्यांनी रोखला.) त्यांना माझं निदान सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी सरळ लाव. उलटा टांगलायस."

सरळ लावल्यावर त्यांनी विचारलं की काका काय करतात. घरं रंगवतात, म्हटलं, दिवस सगळा शिडीवर जातो. त्यावर त्या अशा भडकल्या, जणू शिडी मीच लावली होती. "अरे, उभ्याने काम करणाऱ्याचा फोटो झोपवून काय काढता? झोपल्यावर सगळ्यांचेच घोटे साधू होतात! उभं करा, वजन टाका, मग खरं बोलतील." म्हणजे काका, ज्या फटीवर तुम्ही घरात एवढा तोरा मिरवताय, ती फट तुम्ही पडून असतानाची आहे. उभे राहिलात की हाडावर हाड बसत असणार.

मग त्यांनी सुतारसाहेबांना बोलावलं. (हाडांचे डॉक्टर. करवत, पटाशी, स्क्रू, सगळं बाळगतात.) साहेबांनी आडव्या फोटोतही कडेला हाडाची जास्तीची टोकं फुटून आलेली दाखवली. घोटा पूर्वी कधी मोडला होता का, विचारलं. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की काका शिडीवरून पडले होते, पण रंगाचं फडकं गुंडाळून उरलेली भिंत पुरी करूनच घरी आले. साहेबांना अभिमान वाटलेला दिसला नाही. त्यांनी मला असाच घोटा असलेल्या एका म्हाताऱ्या पोस्टमनचे मोठ्या मशीनमधले (एमआरआयचे) फोटो दाखवले, आणि ते मला लगेच समजले, कारण ते सगळं तुमच्याच धंद्यातलं आहे. हाडाच्या टोकाला कूर्चेचा थर असतो, लांबी-पुट्टी भरून घासलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत. तो पार खरवडून गेला होता. खालचं हाड घासून घासून कडक झालेलं, त्यात बारीक पोकळ्या, सांध्याचं अस्तर सुजून जाड, आणि हाडाच्या आत, काका, चक्क ओल! मशीनमध्ये ती पांढरी चमकते. आता तुम्हीच सांगा. त्या वकिलाच्या घरी ब्रश खाली ठेवून तुम्ही ओरडला होतात ना, "आधी गळका पाइप बदला, ओलीवर मी रंग मारणार नाही"? मग रोज सकाळी त्या घोट्यावर मलम चोळता ते काय आहे?

दुखत नाही, हे तुमचं म्हणणंही मी साहेबांपर्यंत पोचवलं. ते म्हणाले, फोटोवरून दुखणं मोजता येत नाही, याहून वाईट घोटे घेऊन माणसं हिंडतात. पण त्यांच्या चपला कशा झिजतात, ते आठवून सांग. आठवलं. तुमच्या डाव्या चपलेची टाच झिजून गेलेली असते आणि उजवी दुकानातून आणल्यासारखी. आम्हाला वाटायचं, तुम्ही दोन जोडांतली एकेक घालता. इतकी वर्षं तुम्ही एका पायावर घर चालवताय आणि आम्हाला पत्ता नाही. साहेब म्हणाले, असा आखडलेला घोटा एक दिवस पायरीवर दगा देणार. हाडं जोडून टाकायची की नवा सांधा बसवायचा, हे उभ्याचा फोटो आणि मोठ्या मशीनचा फोटो बघून ठरेल. तेव्हा या. मी तुम्हाला असा ढकलीन, की वळणावरही कळणार नाही.

तुमचीच,
भिंगरी

ताजा कलम : काकू, एवढं मात्र मनातल्या मनात वाच. शिडी शेजारी नेऊन ठेव आणि विचारलं तर हरवली म्हण.

आणखी ताजा कलम : काका, काकूने ते मोठ्यानेच वाचलं असणार, तिला मनात वाचता येत नाही. तेव्हा आता खरं सांगतो. आमच्या फोटोच्या खोलीच्या छताला ओल आलीय, पोपडे थेट पेशंटच्या तोंडावर पडतात. साहेबांसमोर बोलण्याच्या भरात मी सांगून बसलो, की मी काकांच्या हाताखाली तयार झालोय, हे छत एकटा रंगवून देतो. (तुम्ही मला ब्रश धुण्यापलीकडे काही करू दिलं नाहीत, हे त्यांना माहीत नाही.) त्यांनी लगेच होकार दिला. काल सरावाला शिडी चढलो, तिसऱ्या पायरीवर शिडीलाच मिठी मारून बसलो, खाली उतरवायला श्वासबाई लागल्या. नोकरीत पहिल्यांदाच टिकलोय काका, घालवू नका. तुम्ही चढायचं नाही, चढेन मी. तुम्ही फक्त खाली थांबून नेहमीसारख्या शिव्या घाला. खुर्ची मिळणार नाही. भिंतीपाशी एक लाकडी चौथरा आहे, छत तिथूनच नीट दिसतं. त्यावर दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभे राहा, डाव्यावर कलायचं नाही. आणि बाई म्हणाल्या श्वास रोखा, तर रोखा.