समोर येऊन बोला

३ जून, सोमवार

डोकं ठणकतंय. दिवसभर मी लोकांचे कान तपासते. दवाखान्याच्या बंद केबिनमध्ये पेशंटला हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. तिथे इतकी शांतता असते की माझ्या पोटातली गुरगुरसुद्धा मला लाजवते. तिथून घरी येते. चप्पल काढत नाही तोच लेक बाथरूममधून, आई, टॉवेल! हे गॅलरीतून, अगं, माझा चष्मा पाहिलास का? सासूबाई त्यांच्या खोलीतून, कोण आलं गं?

या घरात जागचं कुणी उठत नाही. जो तो असेल तिथून बोंबलतो. लेक गणितात नापास झाली होती, ती बातमीसुद्धा मला बाथरूमच्या बंद दाराआडून, नळाच्या वरचा सूर लावून मिळाली होती. ही काय पद्धत झाली?

पुरे आता. तेवीस तारखेला लेक शिकायला परगावी जाणार. हॉस्टेलवर. त्याआधी मला एकदा तिच्याशी निवांत बोलायचंय. विषय ठरलेत. भरपूर पाणी पिणं, पैसे जपून वापरणं, मैत्रिणी पारखून घेणं. आणि सगळ्यात शेवटी, अगदी सहज, तुला भीती वाटतेय का, हे. पण या कोलाहलात कसलं बोलणं होणार? उद्यापासून नियम.

४ जून, मंगळवार

जेवताना जाहीर केलं. ज्याला काही सांगायचं असेल त्याने उठून, समोर येऊन, हळू आवाजात सांगायचं. ओरडणाऱ्याला उत्तर मिळणार नाही.

माझं वाक्य संपायच्या आत हे बरं म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, म्हणजे हे गुडघे घेऊन मी दर वेळी तुझ्यापुढे हजेरी लावू होय? लेकीने विचारलं, आग लागली तरी? म्हटलं, आग लागली तरी.

सगळ्यांना पटलं. निदान पुढे कुणी काही बोललं नाही.

६ जून, गुरुवार

मागे कपडे वाळत घालत होते. सासूबाई आल्या. भिंतीला धरून, थांबत थांबत. समोर उभ्या राहिल्या, दम घेतला, पदर सारखा केला आणि अगदी हळू म्हणाल्या, दूध उतू जात होतं.

जात होतं म्हणजे? तर म्हणाल्या, मी निघाले तेव्हा जात होतं, आता गेलं असेल. म्हटलं, आई, येता येता गॅस बंद करायचा की. म्हणाल्या, ते तू नियमात सांगितलं नव्हतंस.

गॅस घासता घासता संध्याकाळ गेली. पण या वयात इतकी शिस्त! नियम रुजतोय.

९ जून, रविवार

हॉलमध्ये माझ्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची मांडली. मध्ये काही नको म्हणून टीपॉय भिंतीला सरकवला. लेक येईल आणि बसेल, असं वातावरण तयार केलं.

लेक आली, पण बाथरूममधून. माझा जुना गाऊन अंगावर, केस निथळत, टॉवेल शोधायला. हॉलभर पाणी. बसली नाही. तिच्यामागे मी घसरले, पण टीपॉय धरला म्हणून वाचले.

आठवड्याभरापूर्वी हीच मुलगी तिथूनच ओरडली असती. आता स्वतःचा टॉवेल स्वतः घेते. हॉस्टेलवर हेच लागतं. कंबर दुखतेय.

११ जून, मंगळवार

घर इतकं शांत की फ्रिज कधी बंद होतो, कधी सुरू होतो ते कळतं. दवाखान्यात आमच्या डॉक्टरीणबाईंना अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, बाई गं, माझ्या घरात एवढी शांतता असती तर मी आधी काय फुटलंय ते बघायला धावले असते.

त्यांच्या घरचं वळणच वेगळं. काय बोलणार.

खुर्ची अजून तिथेच आहे. हे तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. रोज उचलते.

१४ जून, शुक्रवार

एक गंभीर गोष्ट लक्षात आली. मी हळू आवाजात बोलले की सासूबाई उत्तर देत नाहीत. नुसत्या खिडकीबाहेर बघतात. ही लक्षणं मी ओळखते. वयोमानाने बारीक आवाज आधी जातात. बिचाऱ्या इतकी वर्षं ओरडत होत्या त्याचं कारण हेच. उद्या दवाखान्यातलं छोटं मशीन घरी आणणार. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, पण मान हलवत.

१५ जून, शनिवार

सासूबाईंची टेस्ट घेतली. पलंगावर बसवून, हेडफोन लावून. प्रत्येक आवाजाला बोट वर. मी सोडलेल्या सगळ्या आवाजांना तर केलंच, वर म्हणाल्या, मधे तू एक सुस्कारा टाकलास, त्यालाही करायचं होतं का?

कान तरण्या पोरीसारखे. विचारलं, मग आई, मी बोलते तेव्हा उत्तर का देत नाही? म्हणाल्या, ऐकू सगळं येतं गं. उत्तर द्यावंसं वाटेल असं काहीतरी बोल की.

मशीनची बॅटरी उतरली असणार. सोमवारी बदलून घेते.

१८ जून, मंगळवार

दमून आले. हॉलमध्ये कुणी नाही. सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं आणि आतून हसण्याचा आवाज. दार ढकललं. सासूबाई पलंगावर, त्यांच्या मांडीवर लेकीचं डोकं, पायथ्याशी हे मांडी घालून. मला बघून तिघंही गप्प. काय झालं विचारलं, तर लेक म्हणाली, काही नाही गं, आजी बाबांच्या लहानपणीचं सांगत होती. पुन्हा सांगा म्हटलं. ह्यांनी सांगितलं, ते लहानपणी कोठीत लपून बसले आणि तिथेच झोपले. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते कळलं नाही.

म्हणजे ओरडायची बंदी झाल्यावर माणसं एका खोलीत येऊन बसायला लागली. हे कुणामुळे झालं? पलंगावर जागा नव्हती. हॉलमध्ये येऊन खुर्चीत बसले.

लेकीची उशीही आत दिसली. आजीच्या खोलीत हवा चांगली येते, म्हणाली.

२० जून, गुरुवार

बोलणं झालं! मीच बोलावलं, ती आली, समोरच्या खुर्चीत बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. पाणी भरपूर पी, म्हटलं. हो म्हणाली. पैसे जपून. हो. मैत्रिणी पारखून घे. हो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच हो. काही पेशंट असे असतात, आवाज नसला तरी बटण दाबत राहतात, चांगले मार्क पडावेत म्हणून. पण ही माझी मुलगी आहे, ही मनापासून ऐकत होती.

शेवटचा प्रश्न ओठांवर आला, तेवढ्यात तिने विचारलं, आई, अजून काही आहे का? म्हटलं, नाही. तिने खुर्ची नीट सरळ केली आणि आत गेली.

उत्तम झालं. शेवटचा विषय राहिला, पण तो तसा किरकोळच होता.

२२ जून, शनिवार

बॅगा भरून झाल्या. मी स्वयंपाकघरात असताना सासूबाई भिंत धरून आल्या. आज पदरही सारखा केला नाही. हळू म्हणाल्या, पोर घाबरलीये. रोज माझ्या कुशीत रडून झोपते.

माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. मला का नाही सांगितलं, म्हटलं. मी रोज वाट बघत होते. खुर्ची मांडून बसले होते.

म्हणाल्या, तीच खुर्ची गं. तुझ्यासमोर बसून कशी सांगणार ती? काही गोष्टी दार लावल्यावरच सांगता येतात. एवढी कानांची माहीतगार तू.

त्या गेल्यावर पडलेलं झाकण उचललं. गणिताचं आठवलं. तेव्हा दाराबाहेरून मीही ओरडून म्हणाले होते, असू दे, ये बाहेर, खायला देते. आणि ती हसली होती.

त्या चुकताहेत असं माझं मत आहे. तरी खुर्ची भिंतीला लावून टाकली.

लेक झोपली होती. आजीकडेच.

२३ जून, रविवार

गेली.

बस सुटताना ती खिडकीतून काहीतरी बोलली. काच बंद होती. एक अक्षर ऐकू आलं नाही. मी जोरात मान हलवली, हो हो. ह्यांनी विचारलं, काय म्हणाली गं? म्हटलं, पाणी पिते म्हणाली.

२५ जून, मंगळवार

संध्याकाळी घरी आले. चप्पल काढली. थोडी थांबले. टॉवेल कुणी मागितला नाही.

नियम शंभर टक्के यशस्वी.

तिचा फोन ह्यांच्या फोनवर आला होता. सगळं छान आहे म्हणाली, म्हणे. मी काही विचारलं नाही. मला खुर्चीवाली आई व्हायचं नाही. उद्या मीच फोन करणार. कसा करायचा तेही ठरवलंय. योजना पक्की आहे.

२६ जून, बुधवार

फोन घेऊन बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला. फोन स्पीकरवर ठेवला. तिने उचलला. आई, तुझा आवाज घुमतोय, कुठे आहेस तू? बाथरूममध्ये, म्हटलं. मग नळाच्या वरचा सूर लावून मी ओरडले, तुला भीती वाटतेय का गं?

थोड्या वेळाने तिकडूनही पाण्याचा आवाज यायला लागला. तीही आत गेली असावी. आणि ओरडून म्हणाली, हो! खूप! मी ओरडले, मलाही! मग आम्ही दोघी बराच वेळ काय काय ओरडत होतो.

मला भरून आलं. बाहेर हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून नळ अजून मोठा करायला गेले, तर फिरवला तो शॉवर. फोन वाचला. मी नखशिखांत भिजले, साडीसकट. सवयीने ओरडले, कुणीतरी टॉवेल द्या!

घर शांत. मग सासूबाईंच्या खोलीतून खणखणीत आवाज, समोर येऊन सांग!

फोनमधून लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिकडूनच ओरडली, आजी, दे गं तिला! बाबा, टॉवेल!

दाराच्या फटीतून ह्यांचा हात आत आला. पायपुसणं होतं.

त्यानेच पुसलं.