आईची वही आणि मुरंब्याचा उत्सव

सोमवार, ५ ऑगस्ट

शुक्रवारी संध्याकाळी! आलुबुखाराच्या मुरंब्याच्या उत्सवाची पत्रिका आज आली. त्यात ‘ज्यू साहित्य संध्या’ – शुक्रवार, सात वाजता. ऐन शब्बाथचे, आमच्या पवित्र विश्रांतीवाराचे, दिवे लावायच्या वेळेला! वर्षातून एकदा आमची आठवण होते, तीही आमच्यातलं कुणी येऊच शकणार नाही अशा वेळी. गावात आमच्यातली मी एकटीच उरलेय हे खरं, पण जिल्ह्याच्या गावाहून मार्टोन आणि मंडळी मुद्दाम येतात ना! वर चित्र काय छापलंय, तर एक दाढीवाला म्हातारा मुरंब्याची बरणी पोटाशी धरून हसतोय.

मंगळवार, ६ ऑगस्ट

बार्नाला फोनवर झापलं. उत्सव समितीचा अध्यक्ष झाला तरी मला तो सातवीच्या वर्गातला, बेडूक बघून पळालेला बार्नाच.

“बाई, खरंच कुणाच्या लक्षात आलं नाही हो!”

सलग तिसऱ्या वर्षी कुणाच्या लक्षात आलं नाही. आता रविवारी, २५ तारखेला चार वाजता ठरलंय, मुरंब्याच्या कढयांच्या शेजारी. असो.

रविवार, ११ ऑगस्ट

या वर्षी कार्यक्रमात दुसऱ्या कुणाचं काही वाचायचं नाही. आईची वही वाचणार.

तिनं ती सत्तावन्नच्या हिवाळ्यात लिहिली आणि कपाटात ठेवून दिली. सहाच पानं. चव्वेचाळीसच्या वसंतातली ती सकाळ. महायुद्धात ज्यूंना छावण्यांत न्यायला आलेल्या शिपायांना आमचं दार दाखवायला गिरणीवाला डोमोकोश व्हिन्झे स्वतः आला होता. माझ्या आजोबांना म्हणाला, “तिथं तुला कोट लागायचा नाही,” आणि उभ्याउभ्या त्यांच्या अंगातला कोट काढून घेतला. पुढच्या रविवारी तोच कोट घालून चर्चला गेला! हे आईला परत आल्यावर शेजारणीनं सांगितलं. परत आली ती एकटी आईच.

पाच ठिकाणी तिनं त्याचं नाव लिहिलंय. दर वेळी पूर्ण, आडनावासकट. म्हणायची, “नाव नाही लिहिलं तर तो नुसता ‘एक माणूस’ होईल.”

बुधवार, १४ ऑगस्ट

बार्ना येऊन वहीची प्रत घेऊन गेला. माईकवाल्याला आधी लागते म्हणे. दिली मी! व्हिन्झेचा सख्खा नातू आहे हा, हे काय मला ठाऊक नव्हतं? अक्कल गहाण टाकली होती की काय कोण जाणे.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

आला. हातात ती प्रत, नावाभोवती पेन्सिलीची पाच वर्तुळं.

“बाई, सगळं वाचा. नाव तेवढं गाळा. ‘गिरणीवाला’ म्हणा की.”

“गावात गिरणी एकच होती, बार्ना.”

“मग ‘एक माणूस’ म्हणा!”

तळपायाची आग मस्तकात गेली. नेमका तोच शब्द! पुढे म्हणतो, “एटेल्काआत्या पहिल्या रांगेत बसणार. शहाऐंशीची आहे ती. तिचे सख्खे वडील ते. आणि आजोबा चांगले होते हो, मला घोड्यावर बसवायचे.”

“बसवत असतील. माझ्या आजोबांना मला बसवायला मिळालं नाही.”

 सोबत आणलेली मुरंब्याची बरणी टेबलावर ठेवून गेला. मी उघडलीसुद्धा नाही.

रविवार, १८ ऑगस्ट

नाव वाचणार. पाचही वेळा. बास!

गुरुवार, २२ ऑगस्ट

बेकरीत भेटला. “जशी तुमची इच्छा, बाई.” एवढा गोड? कुठंतरी पाणी मुरतंय.

रविवार, २५ ऑगस्ट

आजच लिहायला हवं.

वाचायला लागले. सगळे शांत, शेजारी मुरंबा रटरटतोय. पहिल्यांदा नाव आलं – ‘डोमोकोश’ म्हणायला तोंड उघडलं आणि मागून धडाम! ढोल आणि झांजा! बघते तर उत्सवाच्या बँडजवळ बार्ना उभा, एका हातात माझी प्रत, दुसरा हात वर. नाव संपलं, हात खाली, ढोल बंद. निर्लज्ज! आईच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं वाटलं मला. रडूच कोसळायचं बाकी होतं.

तरी पुढे वाचलं. दुसऱ्यांदा नाव, पुन्हा धडाम! आणि तेवढ्यात दुसऱ्या रांगेतला मार्टोन पाय आपटायला लागला. ऐंशी वर्षांचा माणूस, दोन्ही पाय, दणादण! मग त्याच्याबरोबरची चौघंही. मला क्षणभर कळेना. मग लख्खकन कळलं – पुरिम! पुरिमच्या सणाला एस्तेर राणीची गोष्ट वाचताना आपल्याला संपवायला निघालेल्या हामानचं नाव आलं की आपण हेच करतो. पाय आपटतो, खुळखुळे वाजवतो, त्याचं नाव बुडवून टाकतो. लहानपणी मी त्यासाठी वर्षभर थांबायचे!

तिसऱ्या वेळेला गावातली पोरंही सामील झाली. चौथ्या वेळेला कढईवाल्या बायका पळ्यांनी कढया बडवायला लागल्या. पाचव्याला तर मीच पाय आपटला.

शेवटी मार्टोन उठून म्हणाला, “बार्नासाहेब, दुष्टाचं नाव बुडवायची आमची प्रथा तुम्ही आमच्यापेक्षा झकास पाळलीत. पुढच्या वर्षी दोन ढोल ठेवा!”

बार्नाचा चेहरा! आपल्याच हातानं आजोबाला हामान करून बसला. मी पोट धरून हसले. घरी येऊन त्याची बरणी उघडली आणि चमच्यानं मुरंबा खाल्ला.

मंगळवार, २७ ऑगस्ट

सकाळी दारात एटेल्काबाई. काठी टेकत, एकटीच. मी भांडायच्या तयारीत.

“ढोलामुळे मला नाव ऐकू आलं नाही,” म्हणाली. “परत वाच.”

“कशाला?”

“तो कोट मला आठवतो. चर्चमध्ये गारठ्यात मी बाबांच्या शेजारी बसून त्याच्या खिशात हात घालायचे. कोट कुणाचा ते मला कुणी कधी सांगितलंच नाही.”

खुर्ची दिली. वही काढली. पहिल्यांदा नाव आलं आणि माझा आवाजच फुटेना. इतके दिवस भांडले त्याच्यासाठी, आणि फुटेना.

नाव तिनंच घेतलं. आडनावासकट. पाचही वेळा.