दुपारी बंद राहणारा कॅमेरा

प्रिय अमिषा,

हे पत्र तुला सुक्या कोळंबीच्या, सोड्यांच्या पिशवीत सापडेल. तुझ्या हॉस्पिटलातली क्रांती सुट्टी संपवून परत मस्कतला निघाली आहे, तिच्याबरोबर देते आहे. सोडे आईनं स्वतः निवडलेत, पत्राचं मात्र तिला माहीत नाही. तू म्हणशील, दिवसभर व्हॉइस मेसेज पाठवणारी ताई आज कागद घेऊन कशी बसली. तर बाई गं, आपल्या घरात तुझ्याविषयी चार शब्द बोलायला आता कोपरा उरलेला नाही. पडवीत भिंतीवरच्या कॅमेऱ्यात तू बसलेली असतेस आणि तुझ्याखाली झोपाळ्यावर आई. म्हणून दुकानात मशीनवरचं ब्लाउज बाजूला सारून लिहिते आहे. मध्येच गिऱ्हाईक आलं तर अक्षर वाकडं होईल, चालवून घे.

तुझा गेल्या आठवड्यातला मेसेज मी अजून पुसलेला नाही. रोज दुपारी तासभर कॅमेरा बंद असतो, तुला तो आवडत नाही हे मला ठाऊक आहे ताई, पण म्हणून आईच्या जिवाशी खेळू नकोस, असं तू म्हणालीस. आणि वर, तुला जमत नसेल तर स्पष्ट सांग, मी आईला इकडे मस्कतला घेऊन येते, कागदपत्रांचं विचारून ठेवलंय. हे मी खाडीच्या बांधावर उभी राहून ऐकलं. पुन्हा लावून ऐकलं. मग घरी जाऊन भांडी इतकी आपटली की कुलदीप ट्रेलरची खेप टाकून दमून आलेला, तो जेवणाचं न विचारता गुपचूप बाहेर गेला. बंद मी करत नव्हते. पण मला तो आवडत नाही, हे तू बरोबर ओळखलंस. आधी ते सांगते, म्हणजे पुढचं तुला नीट कळेल.

आई दिवाळीनंतर पडवीत पडली, तेव्हा मी दुकानात होते. शेजारची जनीकाकू ताक मागायला आली म्हणून कळलं, नाहीतर माझ्या जेवणवेळेपर्यंत ती तशीच फरशीवर राहिली असती. तू कॅमेरा पाठवलास तेव्हा मला बरंच वाटलं होतं, खोटं नाही सांगत. पोयनाडहून वायरमन दिपेश आला. भिंतीला भोकं पाडली, झोपाळ्यासमोरच्या तुळईखाली कॅमेरा बसवला, वायर दाराच्या चौकटीवरून आणून खालच्या बटणांच्या बोर्डात पिन खोचली. इथवर सगळं झटपट झालं. मग नेटला जोडायला गेलो तर जोडेचना. आपला राउटर दोन नावांचं नेट सोडतो, कॅमेऱ्याला त्यातलं एकच चालतं, आणि आम्ही दुसरंच लावत बसलो होतो. ते कळल्यावर मोबाइलमधलं ठिपक्यांचं चौकोनी चित्र कॅमेऱ्यासमोर धरायचं होतं. दिपेश स्टुलावर, मी खाली, आणि आई विचारतेय की हा त्याला आरसा का दाखवतो.

खरी गंमत पुढे झाली. ॲपनं विचारलं, मालक कोण? तू आधीच बजावलं होतंस की तुझाच नंबर टाकायचा. टाकला. कोड तुझ्या फोनवर, फोन तुझ्या लॉकरमध्ये, आणि तू ऑपरेशन थिएटरात. तू फोन उचलेपर्यंत कोडची मुदत संपायची, परत नवा कोड, परत तेच. दिपेशला चहा पाजून पाजून माझी साखर संपली. शेवटी लागलं. मग दिपेशनं मला माझ्या फोनवर जोडून दिलं आणि मी पाहिलं, वर लिहिलंय 'मालक: अमिषा' आणि खाली 'पाहुणे: राही'. कॅमेऱ्याला तू नाव दिलं होतंस 'आईचं घर'. पाहुण्यांना नुसतं बघता-ऐकता येतं, बोलता येत नाही, इकडेतिकडे वळवता येत नाही. दिपेश म्हणाला, ताई, सगळ्यांकडं असंच असतं, कोणीतरी एकच मालक लागतो. त्याला काय माहीत? ज्या घराचं छप्पर मी दर वर्षी शाकारून घेते, जिथं आईच्या औषधाच्या डब्या मी भरते, जिथं कुलदीपला लोक तोंडावर घरजावई म्हणतात आणि तो हसून घेतो, त्या घरात मी पाहुणी. त्या दिवशी मी हसले होते. पण ते मनातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला की चित्र लालभडक दिसतंय, कॅमेरा खराब निघाला. मी दुकान टाकून आले तर काय, आईनं जनीकाकूला स्टुलावर चढवून कॅमेऱ्याला हळदकुंकू लावून घेतलेलं. नवीन पंप आणला, स्कूटर आणली की आपण लावतोच ना, तसं. पण नेमकं काचेवर, मधोमध. मी पुसायला लागले तर आई खालून ओरडली, "बेतानं पूस गो, तिच्या डोल्यात जाईल." तिच्या म्हणजे तुझ्या. तेव्हापासून आईच्या लेखी ते यंत्र राहिलं नाही, ती तू आहेस. कोळिष्टक दिसलं की मला कामाला लावते, म्हणते अमूला लहानपणापासून धुळीची शिंक येते.

आता माझं ऐक. मला तुझा हेवा वाटतो अमिषा. सरळ लिहिते, कारण फोनवर मी हे कधी म्हणणार नाही. डॉक्टरांनी आईला चालायला सांगितलं, मी महिनोन्महिने हातापाया पडले, एक दिवस उठली नाही. गुडघा दुखतो, ऊन आहे, उद्या बघू. मग तू त्या भिंतीतून एकदा म्हणालीस की आई, तू समोरून गेलीस की माझ्या फोनवर टिंग वाजतं. झालं. काठी टेकत पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या सुरू. कशासाठी, तर तुझा फोन वाजावा म्हणून. ठेवणीतलं लुगडं, जे माझ्या पुतणीच्या साखरपुड्यालासुद्धा ट्रंकेतून निघालं नाही, ते आता वारानुसार निघतं. मी दुकानातून माझ्या फोनवर बघत असते. आई वर मान करून तुला सगळं सांगते, बांधावरची खारफुटी कोणी तोडली, धर्माजीच्या सुनेला काय झालं, तिला स्वप्न काय पडलं. मी घरी आल्यावर विचारलं, आज काय विशेष, तर म्हणते, काय नाय. सगळं तुला सांगून संपलेलं असतं. माझ्या वाटणीला भाताचं पातेलं कुठं ठेवलंय एवढीच बातमी. तू दूर गेलीस आणि लाडकी झालीस, मी जवळ राहिले आणि भिंत झाले. भिंतीशीसुद्धा ती बोलते, कारण तिथं तू आहेस.

दुपारच्या जेवणाचंही तसंच. मी दुकान बंद करून येते, पडवीत पंख्याखाली आम्ही दोघी बसतो. सुरुवातीला आई घास घेण्याआधी वर बघून तुला हाक मारायची, "ये गो जेवाया." दारात कोणी उभं असलं की म्हणतोच आपण. तू असलीस तर हसून उत्तर द्यायचीस. मग शिमग्याच्या आसपास, तुझी सुट्टी होती, भिंग मासळी आणली होती. भिंग म्हणजे चवीला एक नंबर आणि आत नुसते काटे. आई काटे काढून तुकडे माझ्या ताटात टाकत होती आणि तू वरून म्हणालीस, काय ताई, चव्वेचाळीस वर्षांची घोडी झालीस तरी आई काटे काढून देते? इकडे आम्हाला कोण देतं? मी तर हल्ली काट्याचा मासाच खात नाही. आपण दोघी हसलो. मला तर थोडा रागच आला होता, घोडी म्हणालीस म्हणून. आई हसली नव्हती, हे मला आत्ता आठवतंय.

तुझा तो मेसेज आल्यावर मी दिपेशला परत बोलावलं. त्यानं वायर तपासली, राउटर बंद करून चालू केला, पिन बदलून पाहिली आणि म्हणाला, ताई, यात काही बिघाड नाही, कोणीतरी बटण बंद करतंय. मला वाटलं जनीकाकू असेल, तिला कॅमेऱ्यासमोर तंबाखू मळता येत नाही. दुपारी मी घरीच असते, पण तेव्हा ॲप कशाला उघडू? आई समोरच तर बसलेली असते. म्हणून मला कधी कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि परसदारानं चपला हातात घेऊन आत आले. चोर पकडायचा होता ना.

आई झोपाळ्यावरून उठली. पदर डोक्यावर सारखा केला. वर बघून तुला म्हणाली, "अमू, निज गो जरा बाय. दुपार झाली." लहानपणी आपल्याला निजवायची ना, अगदी त्याच आवाजात. तू ड्यूटीवर असतेस, तू ऐकलं नसशील. मग काठीच्या टोकानं दाराजवळच्या बोर्डावरचं बटण खाली दाबलं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा गेला. मग ती पाटावर बसली, झाकलेली मासळी पुढ्यात ओढली आणि काटे काढायला लागली. तिला आता जवळचं दिसत नाही, तुला माहीत आहे. बोटांनी चाचपते. मासा चिमटीत धरून सावकाश दाबते, काटा लागला की ओढून काढते, मग परत दाबून बघते, आणि मगच तुकडा माझ्या रिकाम्या ताटात ठेवते. किती वेळ लागतो गं तिला. मी परसदारात उभी राहून बघत होते. मी येऊन बसते, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातानं जेवते, आणि उठते. इतक्या वर्षांत माझ्या तोंडात कधी काटा आला नाही, आणि त्यासाठी तिला किती चाचपावं लागतं हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.

मी पुढे जाऊन विचारलं, आई, बटण कशाला बंद केलंस? ती दचकली, आणि पोर चोरी करताना सापडावं तशी हसली. म्हणाली, "ती तिकडं एकटी खाते डब्यातलं. मी तुला हितं काटं काढून देते ते तिनं वरून बघायचं? जीव जलंल पोरीचा. तुला मी हाय, तिला तिथं कोन हाय?" आपल्याला ती एका ताटात भरवायची तेव्हाचं आठवतं तुला? एक घास राहीला, एक घास अमूला. एक जण शाळेतून यायची असली की दुसरीनंही थांबायचं, मासळी झाकलेली. एकीच्या देखत दुसरीला भरवायचं नाही, हा तिचा नियम होता. तिनं तो अजून मोडलेला नाही. मी म्हटलं, मग मीच काटे काढून खाते, तू बटण चालू ठेव, अमिषा रागावते. तर माझं ताट ओढून घेतलं. माझा हात धरून म्हणाली, "तिला बोलू नको हां. म्हनंल, आयनं मला बंद केली."

तर आता हे पत्र कशाला, ते सांगते. आईनं मला बोलायला मनाई केली आहे, लिहायचं तिच्या ध्यानात आलं नाही. आईला मस्कतला नेऊ नकोस. तिथं दुपारी ती कोणासाठी मासा चाचपत बसणार? तू हॉस्पिटलात असशील. माझाही विचार कर, मला आता या तासाची नुसती सवय नाही, लोभ लागलाय. कॅमेऱ्याची मालकीण तू आहेस, तूच राहा, मी पाहुणी म्हणून बघत जाईन. पण दुपारचा तो तास माझा आहे. हे वाचून तुझा जीव थोडा जळावा असं मला वाटतं, अगदी खरं सांगते, इतके महिने माझा जळला आहे. फक्त आईला ते कळू देऊ नकोस, कारण हे सगळं ती तुला तसं वाटू नये म्हणून करते आहे. सुट्टी मिळेल तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून पहिली लाँच पकड आणि रेवसला उतर, मी भिंग सांगून ठेवते, आपण दोघी एका ताटात बसू. तोवर रोज दुपारी तासभर कॅमेरा बंद दिसेल. फोन करू नकोस. आम्ही जेवत असतो.

तुझीच,
राहीताई